जिभेवरचा फिरता नकाशा

पूर्वी डॉक्टरांकडे गेले की पहिले वाक्य ठरलेले असे : 'जीभ काढा बघू.' आधी नाडी, मग जीभ, मग डोळ्याची खालची पापणी ओढून पाहणे आणि त्यानंतर स्टेथास्कोप. आयुर्वेदातल्या अष्टविध परीक्षेतही नाडी, मूत्र आणि मल यांच्या पाठोपाठ जिव्हेचा क्रमांक लागतो. पुढे रक्त-लघवीच्या रिपोर्टांची चळत टेबलावर येऊ लागली, तशी ही जीभ पाहण्याची रीत मागे पडली आणि रोग्याची जीभ तक्रार सांगण्यापुरतीच उरली. आपण स्वतः तर ती पाहतच नाही. आरशात भांग पाहतो, पिकले केस पाहतो, दाढीत राहिलेला एखादा खुंट पाहतो. सकाळी जीभ खरवडतो तीसुद्धा बेसिनकडे मान घालून. मग कधीतरी एखादे दिवशी सहज नजर जाते आणि जिभेवर रुपयाएवढा लालभडक, गुळगुळीत चट्टा दिसतो. त्याच्याभोवती पांढरट, नागमोडी कड. जणू कुणीतरी शाळेच्या नकाशावहीत एखादा देश काढून त्याची सीमारेषा खडूने गिरवली आहे. काळजाचा ठोका चुकायला एवढे पुरेसे असते.

वैद्यकशास्त्राने या प्रकाराला दिलेले नाव त्या नकाशावरूनच आले आहे : 'जिऑग्राफिक टंग', म्हणजे नकाशाची जीभ. त्याचे भारदस्त नाव आहे 'बिनाइन मायग्रेटरी ग्लॉसायटिस'. नाव घाबरवणारे असले तरी त्याचे एकेक पद सोडवून पाहिले तर ते उलट धीर देणारे आहे. 'ग्लॉसायटिस' म्हणजे जिभेचा दाह, 'मायग्रेटरी' म्हणजे जागा बदलणारा आणि 'बिनाइन' म्हणजे निरुपद्रवी. निरुपद्रवी, फिरता जिव्हादाह. पिएर रेये या फ्रेंच वैद्याने १८३१ साली त्याचे पहिल्यांदा वर्णन केले असे या विषयावरच्या पुस्तकांत सांगितलेले असते. तेव्हापासून ते नेमके कशामुळे होते याचा शोध चालू आहे. तो अजून पुरा झालेला नाही.

घडते ते असे. आपली जीभ मखमलीसारखी दिसते, कारण तिच्यावर हजारो बारीक, दोऱ्यासारख्या अंकुरांची लव असते. नकाशाच्या जिभेत एखाद्या ठिकाणची ही लव झडते आणि खालची लालसर त्वचा उघडी पडते. कडेला मात्र दाहाच्या पेशी गोळा झालेल्या असतात, त्यामुळे तिथे पांढरी किनार उमटते. काही दिवसांनी झडलेली लव पुन्हा उगवते, चट्टा पुसला जातो आणि दुसरीकडे कुठेतरी नवा उमटतो. कधी हे दोन-तीन दिवसांत होते, कधी काही आठवडे लागतात. मध्येच जीभ महिनोन्‌महिने अगदी स्वच्छ राहते. चव जात नाही, कारण झडणाऱ्या या अंकुरांत रुची ओळखणाऱ्या पेशी नसतातच. त्या असतात शेजारच्या अळंबीच्या आकाराच्या अंकुरांत, आणि ते चट्ट्यातही लाल ठिपक्यांसारखे टिकून असतात. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. काहींना मात्र झणझणीत रस्सा, लिंबू, अननस किंवा कडक चहा झोंबतो.

आपल्याकडे घरोघरी याचे निदान एका शब्दात होते : 'उष्णता झाली.' मग गुलकंद येतो, सब्जा भिजत पडतो, जाईचा पाला चघळायला दिला जातो, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचा औषधवाला न विचारताच बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची पट्टी कापून हातावर ठेवतो. आठवड्याभरात चट्टा जातो. तो तसाही जाणारच होता. पण यशाचे माप मात्र गुलकंदाच्या पदरात पडते. पुढच्या महिन्यात चट्टा पुन्हा उगवला की दोष कैरीच्या लोणच्यावर जातो. यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्या माणसाचे, जो कुणालाच काही न सांगता रोज रात्री न्हाणीघराची कडी लावून, बॅटरीच्या उजेडात आपली जीभ तपासत बसतो.

अशा माणसाला औषधाच्याही आधी एक आकडा हवा असतो. हे आपल्या एकट्यालाच झाले आहे की आणखीही कुणाला होते? मी वैद्य नव्हे. आयुष्यातली उमेदीची वर्षे बँकेत आकड्यांच्या सहवासात काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे आकडा आणि माणसाची भीती या दोन्हींशी माझा थोडाफार परिचय आहे. म्हणून हा आकडा शोधू लागलो, तेव्हा तो मला रोगाइतकाच चकवा देणारा वाटला.

पाठ्यपुस्तके साधारण एवढेच सांगतात : लोकसंख्येच्या एक ते तीन टक्के. हे आले कुठून? अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात सरकारने देशभरातल्या लोकांची प्रकृती तपासणारी एक प्रचंड पाहणी केली. त्यात प्रशिक्षित दंतवैद्यांनी सुमारे सतरा हजार प्रौढांची तोंडे आतून तपासली. नकाशाची जीभ निघाली १.८ टक्के लोकांची, म्हणजे तीनशेच्या आसपास माणसांची. त्याच पाहणीत २ ते १७ वर्षांच्या सुमारे दहा हजार मुलांची तोंडेही पाहिली गेली; त्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्या किंचित वर होते. इथवर हिशेब जुळतो. पण दुसऱ्या देशांच्या वह्या उघडल्या की बेरीज चुकू लागते. मिनेसोटातल्या ३,६११ शाळकरी मुलांची पाहणी १९७० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात प्रमाण सुमारे १.४ टक्के होते. इराकमधल्या ६,०९० शाळकरी मुलांत (ही पाहणी १९८२ सालची) ते ४.३ टक्के भरले. हंगेरीतल्या १,०१७ मुलांत, २००३ साली, ५.७ टक्के. म्हणजे मिनेसोटात साडेतीन हजारांवर मुले तपासून जेवढी पोरे सापडली, जवळजवळ तेवढीच हंगेरीत हजारभर मुलांत सापडली. आणि इस्रायलमधल्या दोघा संशोधकांनी १९५७ साली जो लेख लिहिला, तो १,२४६ नकाशाच्या जिभांवरचा होता! ज्या व्याधीचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नाही, तिचे साडेबाराशे नमुने एका लेखात.

बँकेत अशी तफावत आली की आम्ही आधी रोखपालाला दोष देत नसू. आधी विचारत असू, शिल्लक कुठल्या तारखेची आहे? इथेही गोम तीच आहे. पाहणी करणारा वैद्य एका दिवशी येतो, एकदाच जीभ पाहतो आणि आपल्या कागदावर 'आहे' किंवा 'नाही' अशी खूण करतो. पण हा चट्टा तर येऊन-जाऊन असणारा. आज ज्याची जीभ गुलाबी, त्याच्या जिभेवर गेल्याच आठवड्यात आख्खा आफ्रिका खंड असू शकतो. समजा, शंभर माणसांत सहा जणांना ही सवय आहे आणि प्रत्येकाच्या जिभेवर वर्षातले मिळून चार महिने चट्टे असतात. तर कुठल्याही एका दिवशी तुम्हांला त्यांच्यातले सरासरी दोघेच सापडतील. सहाचे दोन झाले, तेही कुणी खोटे न बोलता. एकतीस मार्चची शिल्लक पाहून एखाद्या खात्याची वर्षभराची उलाढाल सांगण्यासारखेच हे आहे. मार्चअखेर खात्यात दोनशे रुपये दिसतात. पण मध्यंतरी त्यातून लग्न पार पडलेले असते.

बरे, लोकांना विचारून मोजावे तर तेही जमत नाही. दात दुखला होता का, हे माणूस सांगतो, अगदी तिथीवारानिशी सांगतो. जे दुखत नाही आणि दिसत नाही, ते त्याने सांगावे कसे? म्हणून या मोजणीत पाहण्याला पर्याय नाही, आणि पाहणाराही जाणता हवा. चांगला उजेड हवा, जीभ नीट बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा पाहायला हव्यात. कारण हा चट्टा पुष्कळदा टोकाशी आणि कडांवर असतो. एकाच्या लेखी जो चट्टा, तो दुसऱ्याच्या लेखी नुसती चहाने पोळलेली जीभ. हा गोंधळ कमी व्हावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९८० साली तोंडातल्या व्याधी कशा ओळखाव्यात आणि कशा मोजाव्यात याची मार्गदर्शिकाच तयार झाली.

आणखी एक गोष्ट. अनेक पाहण्या दंतवैद्यकाच्या महाविद्यालयांत येणाऱ्या रोग्यांच्या असतात. रोगी समोर बसलेलाच असतो, तोंड उघडलेलेच असते. मोजणीला याहून सोपी जागा कुठली? पण दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेला माणूस तोंडाची काहीतरी तक्रार घेऊनच आलेला असतो. त्याच्यावरून गावाची सरासरी काढणे म्हणजे बँकेच्या वसुली खात्यात बसून गावातले किती लोक कर्ज बुडवतात याचा अंदाज बांधणे. तिथून पाहिले तर सगळे गावच बुडवे दिसते. म्हणून शाळेतल्या, घरातल्या, कुठलीही तक्रार नसलेल्या माणसांची मोजणी मला जास्त भरवशाची वाटते. लहान मुलांची मोजणी मोठ्यांपासून वेगळी ठेवणेही बरे. मुलांच्या आणि प्रौढांच्या आकड्यांची सरमिसळ करून काढलेली सरासरी कुणाच्याच कामाची नसते.

इतके सगळे वजा करूनही उरते ते हे : एका दिवशी पाहिले तर शंभरात एक-दोन; काही ठिकाणच्या मुलांत चार-पाच; आणि आयुष्यात कधी ना कधी ज्यांची जीभ नकाशा होऊन गेली, त्यांची संख्या याहून मोठी. पाचशे पानांच्या लग्नात पंगतीला बसलेल्यांपैकी आठ-नऊ जणांच्या जिभेवर त्या क्षणी हा नकाशा असेल, आणि मठ्ठा पिताना त्यांच्यातल्या कुणाला त्याचा पत्ताही नसेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती. अमेरिकेतले १.८ टक्के हे प्रमाण जसेच्या तसे इथे धरले (तसे धरणे धाडसाचे आहे, पण अंदाजापुरते धरू) तर ही माणसे वीस लाखांच्या घरात जातात. एवढ्या लोकांनी एकाच दिवशी कर्करोगाच्या भीतीने रांग लावली तर मुंबईतल्या परळ भागात पाऊल ठेवायला जागा उरणार नाही.

ही भीती काल्पनिक नाही. ऐंशीच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आमचे हेड कॅशियर वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सुपारीच्या खांडालाही न शिवणारा माणूस; पण त्यांचे थोरले बंधू तंबाखूपायी जबड्याच्या कर्करोगाने गेले होते, आणि ते शेवटचे दिवस अण्णांनी उशाशी बसून पाहिले होते. एके दिवशी त्यांनी केबिनमध्ये येऊन दार लोटून घेतले आणि प्रॉव्हिडंट फंडाचे नॉमिनेशन कसे बदलायचे ते विचारले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. गावातल्या एका डॉक्टरने जीभ पाहून 'असले डाग चांगले नसतात, मोठ्या शहरात दाखवून घ्या' एवढे सांगून त्यांना वाटेला लावले होते. काय असेल, काय नसेल, यावर एक शब्द नाही. त्या गोष्टीला चार महिने झाले होते. चार महिने अण्णा कुठेही गेले नव्हते. मुलीचे एक स्थळ जवळजवळ ठरले होते, ते त्यांनी 'यंदा नको' म्हणून परत पाठवले होते. कारण बायकोलाही सांगितले नव्हते.

मात्र माणूस हाडाचा कॅशियर. भीतीच्या पोटीसुद्धा त्यांनी नोंद ठेवली होती. रद्द झालेल्या विड्रॉल स्लिपांच्या पाठकोऱ्या बाजूवर दर शनिवारी जिभेचा आकार काढायचा, जिथे चट्टा असेल तिथे लाल पेन्सिलीने रंगवायचे आणि खाली तारीख टाकायची. अशा सोळा स्लिपा त्यांनी टाचणी लावून माझ्यापुढे ठेवल्या. "साहेब, हे बघा. गणपतीत डाव्या अंगाला होता, दसऱ्याला टोकाशी आला, दिवाळीत काहीच नव्हतं, आणि आता उजवीकडे. हा वाढतोय म्हणायचा की पसरतोय?"

मला त्यात नुसते रंगवलेले तुकडे दिसले. पण सांगलीच्या ज्या दंतवैद्याकडे आम्ही त्यांना नेले, त्यांनी अण्णांची जीभ पाहण्याआधी त्या स्लिपा टेबलावर ओळीने मांडल्या आणि मोठ्याने हसले. म्हणाले, "अहो अण्णा, माझं अर्धं काम तुम्हीच करून आणलंत की. जो चट्टा दर महिन्याला बिऱ्हाड बदलतो, तो कॅन्सर नव्हे. कॅन्सर एकदा बसला की आपणहून उठून दुसरीकडे जात नाही." मग जीभ नीट पाहिली, कडा चाचपल्या, मानेच्या गाठी तपासल्या आणि विचारले, "घरात आणखी कुणाची जीभ अशी आहे का?" हा प्रकार पुष्कळदा एका घरात दोघा-तिघांना असतो, हे तिथे कळले. घरी जाऊन अण्णांनी सगळ्यांच्या जिभा पाहिल्या. ज्या मुलीचे लग्न त्यांनी थांबवले होते, तिच्याच जिभेवर तसला नकाशा निघाला. तिला त्याची खबरसुद्धा नव्हती. ती हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीबरोबर खुशाल खात होती.

दंतवैद्यांनी तेव्हा 'शंभरात एक-दोघांना असतं हे' असेही सांगितले होते. अण्णांनी तो आकडा खिशात घालून शाखेत आणला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर नोटांचे बंडल मोजता मोजता मला म्हणाले, "आपला स्टाफ बावीस. दोन टक्क्यांनी अर्धा माणूससुद्धा होत नाही. म्हणजे आपल्या शाखेचा कोटा मी एकट्यानंच उचललाय." पंधरा दिवसांनी ते त्या स्थळाकडे पुन्हा जाऊन आले. जमले ते. अक्षता टाकायला आम्ही सगळे होतो.

आता थोडे कारणांविषयी; पण थोडेच, कारण इथे पक्के असे कमी आहे. ज्यांच्या जिभेला जन्मतःच खोल चिरा असतात, त्यांच्यात हा नकाशा जास्त आढळतो. (चिरांची जीभ ही तर अगदी सर्रास गोष्ट आहे, हंगेरीच्या त्याच पाहणीत २९ टक्के मुलांना ती होती.) सोरायसिस या त्वचारोगाशीही त्याचे नाते दिसते. सोरायसिस असलेल्यांत नकाशाची जीभ इतरांपेक्षा बरीच जास्त सापडते, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींचे चित्र मिळतेजुळते असते आणि दोहोंत सामायिक असा आनुवंशिक धागाही संशोधकांना दिसला आहे. पण हे वाक्य उलटे वाचू नये. माझ्या नोकरीत जितके बुडवे कर्जदार पाहिले, त्यांतल्या बहुतेकांना मिशा होत्या. म्हणून मिशीवाल्याला कर्ज द्यायचे नाही असे आम्ही ठरवले असते, तर शाखेला टाळे लागले असते. नकाशाची जीभ असणाऱ्या बहुसंख्य लोकांना सोरायसिस नसतो आणि पुढे होतही नाही. मानसिक ताणाने हे चट्टे उमटतात असे पुष्कळ रुग्ण सांगतात, डॉक्टरही मान डोलावतात. पण अमेरिकेच्या त्या मोठ्या पाहणीत मधुमेह, ॲलर्जी किंवा मानसिक तक्रारी यांच्याशी त्याचा संबंध जुळला नाही. हा संसर्ग नाही. एकाच ताटात जेवल्याने, एकाच पेल्यातले पाणी प्यायल्याने किंवा लेकराचा मुका घेतल्याने तो कुणाला लागत नाही.

त्या पाहणीत एक गमतीचा निष्कर्षही होता. सिगारेट ओढणाऱ्यांत ही जीभ कमी आढळली. धुरामुळे जिभेवरचा थर जाड आणि निबर होत असावा, असा त्याचा एक खुलासा दिला जातो. हे मी लिहायला नको होते, कारण आमच्या क्लबातले दोन वृद्ध वाचक हा परिच्छेद कापून खिशात ठेवतील अशी माझी खात्री आहे. त्यांच्यासाठी पुढचा मजकूर.

आपल्याकडे तोंडे मोजली गेली ती मुख्यतः तंबाखूमुळेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. तिथल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोपनहेगनच्या प्रा. पिंडबोर्ग यांच्या सोबतीने, महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या तब्बल १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. एक लाख एक हजार सातशे एकसष्ट माणसे! त्या काळच्या रस्त्यांची आणि एस.टी.ची आठवण असणाऱ्यांनाच यामागचे कष्ट उमगतील. ही मोजणी होती तोंडाच्या कर्करोगाची आणि त्याच्या आधी येणाऱ्या खुणांची : गालाच्या आत किंवा जिभेवर धरणारे पांढरे चट्टे, ताठर होत जाणारे गाल, हळूहळू कमी उघडणारे तोंड. ज्याने माणूस मरतो ते आधी मोजायचे, हा प्राधान्यक्रम बरोबरच होता. मिश्री, तंबाखू-चुना आणि नंतर आलेला गुटखा यांनी जो कहर केला, तो पाहता (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पुड्या मात्र टपरीवर कुठून येतात हे टपरीवालाच जाणे) ती मोजणी झाली नसती तर आपण आणखी अंधारात राहिलो असतो.

पण यातूनच एक पेच उभा राहतो. ज्या प्रदेशात तोंडातल्या प्रत्येक डागाकडे संशयाने पाहावे असे शिकवावे लागते, तिथेच निरुपद्रवी डागाचा मालक सर्वांत जास्त घाबरतो. त्याला 'काही नाही, उष्णता आहे' म्हणून हसण्यावारी नेणेही धोक्याचे, कारण पुढच्या खेपेला तो खरोखरीचा डागही गुलकंद लावून घरी बसेल. आणि नुसते 'दाखवून घ्या' म्हणून अधांतरी सोडणे म्हणजे त्याचा अण्णा करणे. या दोहोंमधला मार्ग अगदी व्यवहारी आहे आणि त्याला यंत्रसामग्री लागत नाही. चट्टा फिरतो की बसून राहतो, एवढेच आधी पाहायचे.

आता तर विड्रॉल स्लिपांचीही गरज नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने दर तीन-चार दिवसांनी खिडकीच्या उजेडात जिभेचा फोटो काढला तरी भागते. चट्टा जागा बदलत असेल, मध्येच नाहीसा होत असेल, हाताला मऊ लागत असेल, तर तो बहुधा आपला हा फिरस्ता. तो असेल तर औषधाची गरज नसते. झोंबते तेवढे पदार्थ काही दिवस टाळावेत, जीभ पत्र्याच्या पट्टीने खसाखसा खरवडू नये. फारच आग होत असेल तर डॉक्टर थोडे दिवस लावायला मलम किंवा गुळण्यांचे औषध देतात, तेही चट्टा घालवण्यासाठी नव्हे, आग कमी करण्यासाठी. बी-कॉम्प्लेक्सची पट्टी त्याला उपयोगी पडत नाही. मात्र सबंध जीभच गुळगुळीत, फिकी किंवा मांसासारखी लाल झाली असेल, सोबत थकवा किंवा हातापायांना मुंग्या असतील, तर लोह किंवा बी-१२ कमी असण्याचा संभव असतो. त्यासाठी रक्त तपासावे लागते. पूर्ण शाकाहारी घरांत आणि म्हाताऱ्या माणसांत हे विशेष पाहावे. तो नकाशा नव्हे.

आणि जो लाल किंवा पांढरा चट्टा, जी जखम किंवा जो घट्ट लागणारा भाग दोन-तीन आठवडे त्याच जागी आहे, खरवडून जात नाही, रक्त येते, गिळताना दुखते किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नाही, तो तंबाखू खाणाऱ्याचा असो वा न खाणाऱ्याचा, दंतवैद्याला किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचाच. पाहायला त्यांना पाच मिनिटे लागतात. दात दुखत नसला तरी दंतवैद्याकडे जाता येते.